फ्लेअरच्या आड काय दडलंय?

मे महिन्यातली भर दुपार. पेणच्या एका गॅरेजमध्ये मी हातात हेअर ड्रायर घेऊन उभी. नाही हो, केस सेट करायला नव्हे! जीपच्या मागच्या चाकाच्या कमानीवर गरम हवा मारायला. गॅरेजमधली पोरं तोंडावर हात धरून हसत होती.

तर झालं असं. चार वर्षांपूर्वी मी एक सेकंडहँड फोर-बाय-फोर घेतली होती. कंपनी कुठलीही असो, आपल्याकडे तिला जीपच म्हणतात. आधीच्या मालकाने तिला रुंद टायर आणि चारही चाकांवर काळे फायबरचे फ्लेअर बसवले होते. दिसायला एकदम सॉलिड! सिग्नलला लोक वळून बघायचे. पण सोसायटीच्या पार्किंगचं भाडं वाढलं, जीप महिन्यातून दोनदा बाहेर निघायला लागली आणि मी तिला विकायचं ठरवलं. गिऱ्हाईक मिळालं रोह्याचं. कोलाडला राफ्टिंगच्या बोटी वाहून न्यायला त्याला दणकट गाडी हवी होती. फोटो बघून म्हणाला, ‘‘ताई, गाडी पसंत आहे. फक्त मागचा डावा फ्लेअर तडकलाय, तेवढा बदलून आणा.’’

एवढंच ना? रस्त्यात पेण लागतंच. सकाळी पेणला फ्लेअर बदलायचे, संध्याकाळी रोह्याला गाडी द्यायची, पैसे घ्यायचे आणि दिव्याच्या गाडीने परत. प्लॅन फिक्स.

आता, ज्यांना फ्लेअर म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी. चाकाच्या वरच्या कमानीला जी बाहेर आलेली पट्टी असते ना, ती. दुसऱ्या महायुद्धातल्या मूळ जीपला ही भानगड नव्हती. सपाट मडगार्ड आणि त्याखाली बारीकसं चाक, बस्स. पुढे लोकांना रुंद टायरची हौस आली, टायर बॉडीच्या बाहेर डोकावायला लागला, आणि त्याने उडवलेला चिखल नि खडी अडवायला फ्लेअर आले. आज कित्येक गाड्यांना ते कंपनीतूनच येतात. ते बॉडीच्या डिझाइनचाच भाग असतात आणि क्लिपांवर बसतात. बाहेरून बसवलेल्यांचा प्रकार वेगळा. तिथे बऱ्याचदा सरळ ड्रिल घेऊन पत्र्याला भोकं पाडतात.

माझ्या जीपला तेच केलेलं होतं. वरच्या कडेला डबल टेप आणि खाली आठ स्क्रू. गॅरेजवाल्या काकांनी आधी पाण्याचा फवारा मारून सगळी कमान धुवायला लावली. का? कडेला माती राहिली आणि फ्लेअर ओढला, तर तीच माती पॉलिश पेपरसारखी रंगावर घासते. मग गंजलेल्या स्क्रूंवर तेलाचा स्प्रे. ‘‘आता चहा घ्या ताई,’’ काका म्हणाले. ‘‘स्क्रूला घाई केली तर डोकं तुटतं. त्याचंही आणि आपलंही.’’ चहा झाल्यावर हेअर ड्रायर. टेपचा गोंद गरम झाला की नरम पडतो, मग नायलॉनची दोरी आत सरकवून करवतीसारखी मागेपुढे करायची. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटायचं नाही, पत्रा वाकतो.

फ्लेअर निघाला आणि त्याच्यामागून ओंजळभर चिखल खाली पडला. चार पावसाळ्यांचा. त्यात आंबोली होती, माळशेज होता, लोणावळा होता. मी हसले. काका हसले नाहीत. त्यांनी कमानीच्या खालच्या टोकाला बोट लावलं आणि बोट सरळ आत गेलं!

पाच रुपयांच्या नाण्याएवढं भोक. आजूबाजूचा पत्रा पापडासारखा झालेला.

दर पावसाळ्यात माझ्या जीपचं मागचं मॅट ओलं व्हायचं. मी चार वर्षं बिचाऱ्या हुडाला शिव्या घालत होते. पाणी येत होतं इथून.

हे होतं कसं, ते काकांनी समजावलं. ड्रिलने भोक पाडलं की त्याच्या कडेचा रंग जातो, कच्चं लोखंड उघडं पडतं. त्याला प्रायमर लावायचे कष्ट कोणी घेतलेले नसतात. गाडी हादरते तसा फ्लेअर रंगावर घासत राहतो. त्या फटीत माती बसते, माती ओल धरून ठेवते. वर कोकणातला पाऊस आणि खाडीचा खारा वारा. मीठ असलं की गंज जोरात पळतो. आणि गंमत म्हणजे हे सगळं फ्लेअरच्या आड चालतं. बाहेरून गाडी चकाचक!

‘‘वेल्डिंग करावं लागेल. सडलेला पत्रा कापायचा, नवा तुकडा जोडायचा. दोन दिवस ठेवा,’’ काका म्हणाले.

‘‘पण मला संध्याकाळी गाडी द्यायचीय.’’

काकांनी नव्या फ्लेअरकडे बघितलं. मग माझ्याकडे. ‘‘बसवून देतो. भोक पूर्ण झाकलं जाईल. कोणाला दिसणार नाय.’’

खरं सांगते, मंडळी, मी लगेच नाही म्हटलं नाही. डोक्यात हिशेब सुरू झाला. मला तरी आधीच्या मालकाने कुठे सांगितलं होतं? सेकंडहँड गाडी म्हणजे घेणाऱ्याने बघून घ्यायची असते. आणि त्याने स्वतःच तर सांगितलं होतं, फक्त फ्लेअर बदला!

गॅरेजच्या पलीकडे एका गणपतीच्या कारखान्याचं दार उघडं होतं. पेणला मे महिन्यात गणपतीचीच लगबग. आत एक मावशी पांढऱ्या मूर्तीवर पॉलिश पेपर फिरवत होत्या. मी त्यांच्याकडे बघतेय हे पाहून काका म्हणाले, ‘‘त्यांच्याकडेपण तसंच. भेग असली तर आधी भरायची, मग घासायची, मग रंग. भेगेवर रंग मारला तर रंग सुकेपर्यंतच चांगला दिसतो.’’ हे मला उद्देशून होतं की सहज, देव जाणे. पण ते मला लागलं.

मी म्हटलं, ‘‘नवे फ्लेअर मागच्या सीटवर टाका. डावी कमान उघडीच राहू दे.’’

काकांनी तारेच्या ब्रशने गंज घासला, वर गंज थांबवणारं केमिकल आणि प्रायमर मारलं. भोक तसंच ठेवलं. ‘‘यात लांबी भरून देऊ नका कोणाला,’’ त्यांनी बजावलं. ‘‘भोकात लांबी म्हणजे दुसरा फ्लेअरच.’’

पेण ते वडखळ ते नागोठणे. हा मुंबई-गोवा हायवे. याच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि दशक उलटलं तरी संपलं नव्हतं, हे कोकणात जाणाऱ्याला सांगायला नको. उघडी खडी आली की डाव्या चाकातून दगड तडतड तडतड पत्र्यावर आपटत होते. उजवीकडे शांतता. फ्लेअरचा उपयोग काय, हे चार वर्षांत कळलं नव्हतं ते त्या एका प्रवासात कळलं. वस्तू वाईट नाहीच. बसवायची पद्धत वाईट.

नागोठण्याहून वळून रोह्याला पोचले. मुलगा अंगणात वाट बघत होता, सोबत त्याचे वडील. मी नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधीच त्याला डाव्या चाकाजवळ नेलं. तो उकिडवा बसला. बोट घालून बघितलं. बराच वेळ गप्प. माझ्या पोटात गोळा.

मग म्हणाला, ‘‘ताई, बाकीच्या तीन कमानी उघडून बघितल्यात?’’

नव्हत्या ना! मी एवढी प्रामाणिकपणाच्या तोऱ्यात आले होते आणि हे सुचलंच नव्हतं. तो घरातून पाने घेऊन आला. वडिलांनी दिवा धरला. अंधार पडेपर्यंत आम्ही तिघं त्या जीपभोवती. पुढच्या दोन्ही कमानी ठणठणीत. मागच्या उजवीला गंजाची नुसती सुरुवात.

व्यवहार पंचवीस हजारांनी कमी झाला. खोटं कशाला बोलू, जीव हळहळला. रुंद टायरपण काढणार म्हणाला. बरोबरच आहे त्याचं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलात परस्पर बदल चालत नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच स्पष्ट केलंय. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हेच आधी काढतात. ‘‘वेल्डिंगचं टेन्शन घेऊ नका, ताई,’’ तो म्हणाला. ‘‘धाटावला एमआयडीसी आहे, पत्र्याची कामं करणारे ओळखीचे आहेत.’’ त्याच्या वडिलांनी किल्ली घेतली आणि पहिली फेरी धावीर महाराजांच्या देवळापर्यंत काढली. त्याच धावीर महाराजांच्या, ज्यांच्या पालखीला पोलीस मानवंदना देतात. मागच्या सीटवर मी आणि दोन फ्लेअर.

तुमच्याकडे फ्लेअरवाली गाडी असेल, तर काकांचा फंडा लिहून घ्या. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा कमानीच्या आत पाण्याचा जोरदार फवारा मारा. दोन-तीन वर्षांनी फ्लेअर काढून मागे बघा. परत लावताना जुन्या क्लिपा वापरू नका, नव्या आणा. प्रत्येक भोकाच्या कडेला आधी प्रायमर, मग रंग, मग थोडं ग्रीस. फ्लेअर आणि पत्रा यांच्यामध्ये रबराची बीडिंग हवीच. आणि सिलिकॉन मारायचंच असेल तर फक्त वरच्या कडेला. खालची बाजू मोकळी सोडा, कारण आत शिरलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट लागते. सेकंडहँड घेताय? मग मागचं मॅट उचला आणि हात फिरवा. ओलं लागलं तर उगाच हुडाला दोष देऊ नका!

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रोह्याहून मेसेज आला. सोबत फोटो. फ्लेअर बसलेला, त्यावर कोलाडचा लाल चिखल, टपावर उलटी बांधलेली राफ्ट. खाली एवढंच लिहिलं होतं : ‘‘दोन दिवस धो धो पाऊस. मॅट कोरडं आहे, ताई.’’