उदासी, आजार आणि गोळी

मराठी वाचकाला उदासीचे मोठे अप्रूप आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच ‘अर्जुनविषादयोग’. ग्रेस यांच्या ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) वाचत वाढलेल्यांना तर उदासी ही संवेदनशीलतेची खूणच वाटते. यात गैर काही नाही. पण कवितेतली उदासी आणि नैराश्य नावाचा आजार यांना आपण एकाच मापाने मोजतो आणि तेथे घोटाळा होतो. आजारी माणसाला ‘मन खंबीर कर’ असा उपदेश मिळतो. त्याने गोळी घेतली तर ती हार ठरते. रक्तदाबाची गोळी जेवणाच्या टेबलावर राहते, मनाची कपाटात, कपड्यांच्या घडीखाली.

या दोन गोळ्यांचे नाते मात्र जुने आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले. पुढे सर्पगंधेतील रिसर्पिन जगभर वापरले गेले, तेव्हा ते घेणारे काही रुग्ण खोल नैराश्यात गेल्याच्या नोंदी झाल्या. उलट, क्षयावरच्या इप्रोनियाझिडने रुग्ण उल्हसित होतात असे दिसले आणि १९५७ च्या सुमारास ते नैराश्यावर वापरले जाऊ लागले. पहिले औषध मेंदूतील सेरोटोनिनसारखी द्रव्ये घटवते, दुसरे ती टिकवते. त्यावरून नैराश्य म्हणजे या द्रव्यांची उणीव, असा सिद्धान्त पुढे आला.

तो फार सोपा ठरला. रिसर्पिनच्या त्या नोंदींविषयी आज मतभेद आहेत. २०२२ मधील एका व्यापक आढाव्यात सेरोटोनिनच्या उणिवेला सुसंगत पुरावाही आढळला नाही. ‘म्हणजे गोळ्या थोतांडच’ असे म्हणणाऱ्यांशी मात्र माझा वाद आहे. औषध गुण देते का आणि कसे देते, हे प्रश्न वेगळे. ॲस्पिरिनचे कार्य १९७१ मध्ये उलगडले. त्याआधी सत्तर वर्षे लोकांची डोकेदुखी थांबतच होती. नैराश्यावरील २१ औषधांच्या ५२२ चाचण्यांचा आढावा २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. प्रौढांमध्ये ही सर्व औषधे, औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक बेताचा होता. पण अंथरुणातून उठू न शकणाऱ्याला तेवढाही पुरेसा ठरू शकतो.

गुण यायला काही आठवडे लागतात, मळमळ वा झोपमोड आधी येते. म्हणून पुष्कळजण पंधरवड्यातच गोळी सोडतात. काही बरे वाटताच एकदम बंद करतात आणि चक्कर, बेचैनी ओढवून घेतात. गोळी हा एकमेव उपाय नाही, सौम्य आजारात समुपदेशनही पुरते. पण हा निर्णय डॉक्टर आणि रुग्ण यांचा आहे. शेजाऱ्यांचा किंवा साहित्यप्रेमी मित्रांचा नाही.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आमच्या नाशकात आहे. वैद्यकशिक्षणाची काळजी ते वाहील. उदासीची कविता शिकवताना, आजार म्हणजे कविता नव्हे, एवढे वर्गात सांगणे हे आम्हा मराठीच्या प्राध्यापकांचे काम आहे.