दात्यांचे पोलाद आणि पेटीचे लाकूड

जुनी वस्तू दुरुस्त करताना दोन निराळ्या हेतूंची नेहमी गल्लत होते. वस्तूला तिचे पूर्वीचे रूप परत द्यावे हा एक हेतू असतो आणि तिला तिचे पूर्वीचे काम परत द्यावे हा दुसरा. हाताने फिरवायच्या कॉफीच्या गिरणीच्या बाबतीत ही गल्लत विशेष महाग पडते, कारण तिला चकचकीत करण्यासाठी जे घासले, तासले आणि रंगवले जाते, त्यातले बरेचसे तिच्या दात्यांना, म्हणजे बी फोडून दळणाऱ्या पोलादी धारांना, कायमची इजा करते. त्यामुळे बाहेरून नव्यासारखी दिसणारी गिरणी आतून निकामी झालेली असते. अशी गिरणी पुन्हा दळू लागावी, पण त्यासाठी तिच्यातून शक्य तितके कमी काढून घ्यावे आणि जे नव्याने घालावे लागेल ते पुढे कोणालाही सहज काढता यावे, ही येथे मांडायची भूमिका आहे.

या चर्चेसाठी एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच पेटी-गिरणीचे उदाहरण सर्वांत सोयीचे ठरते. पूर्व फ्रान्समधील दू या प्रांतात एरिमाँकूरजवळ प्यूजो बंधूंनी 1810 मध्ये धान्याच्या एका पाणचक्कीचे पोलादाच्या कारखान्यात रूपांतर केले, तेथे करवतींची पाती बनू लागली आणि 1840 मध्ये या घराण्याची पहिली कॉफी-गिरणी बाजारात आली. पुढे 1874 मध्ये मिरीची गिरणी आणि 1889 मध्ये पहिले वाहन तयार झाले. म्हणजे 1990च्या दशकात कल्याणच्या कारखान्यातून निघालेल्या प्यूजो मोटारींवर जो सिंह दिसे, तो मुळात करवतीच्या पात्याचा सिंह होता. 1858 मध्ये नोंदवलेले हे चिन्ह दातांचा टणकपणा, पात्याची लवचीकता आणि कापण्याचा वेग या तीन गुणांची ग्वाही म्हणून निवडलेले होते. अशा गिरण्यांच्या पितळी पट्टीवर ‘एस. जी. डी. जी.’ ही चार अक्षरेही पुष्कळदा आढळतात. 1844च्या फ्रेंच कायद्यानुसार पेटंटाचा उल्लेख करताना ‘शासनाच्या हमीशिवाय’ असे स्पष्ट नमूद करणे बंधनकारक होते आणि ही अक्षरे म्हणजे त्याच शब्दांचा संक्षेप. गिरणी कोणत्या काळातली आहे याचा पहिला माग या पट्टीवरूनच लागतो, म्हणून ती घासून गुळगुळीत करणे म्हणजे वस्तूचा जन्मदाखला पुसून टाकणे होय.

त्या काळी घरोघरी गिरणी असण्याला चवीइतकेच विश्वासाचेही कारण होते. 1806 पासून नेपोलियनने ब्रिटनविरुद्ध व्यापारबंदी पुकारल्यावर युरोपात कॉफी दुर्मीळ झाली आणि चिकोरी या वनस्पतीचे भाजलेले मूळ दळून कॉफीत मिसळण्याची, किंवा कॉफीऐवजीच वापरण्याची, सवय फ्रान्समध्ये रुजली. व्यापारबंदी उठली तरी ही सवय गेली नाही. पुढे 1850च्या दशकाच्या आरंभी आर्थर हिल हॅसल या लंडनच्या वैद्याने सूक्ष्मदर्शकाखाली बाजारातील दळलेली कॉफी तपासून तिच्यातली चिकोरीची आणि भाजलेल्या धान्याची भेसळ उघडकीस आणली. अख्ख्या बीत अशी भेसळ लपवणे अवघड असल्यामुळे बी विकत घेऊन ते स्वतःच्या डोळ्यांसमोर दळणे हाच गृहिणीच्या हातातला सर्वांत खात्रीचा उपाय होता. ताजेपणाचे कारण अर्थातच आजही तितकेच खरे आहे, कारण दळल्यावर बीचा हवेशी संपर्क येणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो आणि सुगंधी द्रव्ये झपाट्याने उडून जातात.

गिरणीची रचना वरकरणी साधी असते. वर बी घालायची धातूची वाटी, मधून जाणारा उभा आस, आसाच्या वरच्या टोकाला दांडा व लाकडी मूठ, खाली लाकडी पेटी आणि पेटीत पूड जमा होणारा खण. खरे काम वाटीच्या तळाशी चालते, जिथे आसाला घट्ट बसवलेला दातेरी शंकू एका स्थिर दातेरी कड्याच्या आत फिरतो. शंकूचे वरचे दाते मोठे व तिरके असतात. ते बी पकडून फोडतात आणि खाली ढकलतात. खाली जाताना शंकू व कडे यांच्यातली फट अरुंद होत जाते, दाते बारीक होत जातात, आणि शेवटच्या काठावर ही फट जितकी असेल तितक्या जाडीची पूड खणात पडते. शंकू वर-खाली सरकवून ही फट कमी-जास्त करता येते व त्यासाठीचा स्क्रू किंवा चाकी काही गिरण्यांत दांड्याखाली, तर काहींत पेटीच्या आत असते.

सुटे करण्याच्या कामात सर्वांत मोठा धोका घाईचा असतो. गंजलेला नट किंवा स्क्रू जोर लावून फिरवल्यास त्याची खाच फाटते किंवा मान तुटते, आणि तसा दुसरा बाजारात मिळत नाही, कारण जुन्या आट्यांचे माप आजच्या मापाशी जुळेलच असे नाही. इंग्लंडमध्ये व्हिटवर्थने 1841 मध्ये 55 अंशांच्या आट्यांचे माप सुचवले, अमेरिकेत सेलर्सने 1864 मध्ये 60 अंशांचे, आणि युरोपातील मेट्रिक आट्यांचे सामाईक माप तर 1898च्या झुरिच येथील परिषदेपर्यंत ठरलेलेच नव्हते. त्याआधीचा कारखाना स्वतःच्या मापाने आटे पाडत असे. म्हणून प्रत्येक सांध्यात गंज सैल करणारे पातळ तेल सोडून ते मुरू द्यावे, खाचेत नेमके बसेल अशा पात्याचाच स्क्रू ड्रायव्हर वापरावा आणि प्रत्येक भाग निघण्यापूर्वी त्याच्या जागेचे रेखाटन किंवा छायाचित्र घ्यावे. मोडलेल्या स्क्रूच्या जागी मोठे भोक पाडून नवा स्क्रू बसवण्याची पद्धत सर्रास चालते. ती टाळून कुशल टर्नरकडून जुन्या आट्यांबरहुकूम एकच स्क्रू कातून घेणे खर्चिक असले तरी योग्य आहे.

गंजाचा विचार मात्र सविस्तर करावा लागतो. गंज म्हणजे पाणी व प्राणवायू यांच्याशी लोखंडाचा संयोग होऊन बनलेले सच्छिद्र ऑक्साइड, आणि ते सच्छिद्र असल्यामुळेच ओलावा धरून ठेवून खालच्या धातूला आणखी खात जाते. तो काढण्याचे मार्ग तीन. घासून काढणे हा सर्वांत सोपा व सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण पॉलिश पेपर किंवा यंत्रावर फिरणारा तारेचा ब्रश गंज आणि दात्याची धार यांत भेद करत नाही. व्हिनेगर किंवा लिंबाच्या फुलासारख्या सौम्य आम्लात बुडवणे हा दुसरा मार्ग परिणामकारक आहे, पण गंज संपल्यावर आम्ल निरोगी लोखंडही विरघळवू लागते. म्हणून भाग पुन्हा पुन्हा बाहेर काढून पाहावा लागतो आणि शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारून, लगेच गरम हवेत वाळवून, तेलाचा हात द्यावा लागतो. नाहीतर काही मिनिटांतच नारिंगी झाक परत येते. विद्युत-अपघटन हा तिसरा मार्ग दात्यांसाठी सर्वांत सौम्य आहे. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात गंजलेला भाग ऋण टोकाला व साध्या लोखंडाचा टाकाऊ तुकडा धन टोकाला जोडून कमी दाबाचा एकदिश प्रवाह सोडला, की गंज सैल होऊन सुटतो आणि चांगल्या धातूला धक्का लागत नाही. येथे दोन पथ्ये जीवाशी संबंधित आहेत. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातून क्रोमियमची अत्यंत विषारी संयुगे पाण्यात उतरतात. आणि या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा हे काम उघड्या हवेत, ठिणगी व ज्योतीपासून दूर करावे. बाहेरच्या लोखंडी भागांवर टॅनिनचा लेप देऊन उरलेल्या गंजाचे स्थिर काळ्या थरात रूपांतर करता येते. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी काळी शाई करत, तिच्यामागचे रसायनही हेच होते. पुडीशी संपर्क येणाऱ्या भागांवर मात्र असा लेप नसावा. त्याचप्रमाणे जुन्या लाल किंवा हिरव्या रंगात शिसे असण्याची दाट शक्यता असल्यामुळे तो कोरडा घासून त्याची धूळ उडवणे टाळलेच पाहिजे.

दाते बोथट दिसले की त्यांना कानस लावण्याचा मोह होतो आणि येथेच बहुतेक गिरण्या कायमच्या बिघडतात. घरातले जाते गुळगुळीत झाले की त्याला टाकी लावून घेत आणि ते पुन्हा दळू लागे, कारण दगड आरपार सारखाच असतो; पोलादी दात्याचे तसे नसते. चांगल्या गिरण्यांतील दाते अनेकदा केस हार्डनिंग या प्रक्रियेने कठीण केलेले असतात. म्हणजे मऊ लोखंडाचा भाग कोळशासारख्या कार्बनयुक्त द्रव्यात ठेवून लालबुंद होईपर्यंत तापवतात, कार्बन पृष्ठभागातून थोडा आत मुरतो, आणि भाग एकदम थंड केल्यावर वरचा पातळ थर अत्यंत टणक व आतला गाभा चिवट राहतो. हा टणक थर मिलिमीटरच्या अंशाइतकाच जाड असतो. कानशीने तो गेला की खालचे मऊ लोखंड उघडे पडते, आणि नव्याने केलेली धार थोड्याच दिवसांत बसते. शिवाय जी धार गेली असे वाटते, ती पुष्कळदा दात्यांच्या खाचांत घट्ट बसलेल्या जुन्या तेलकट पुडीखाली झाकलेली असते. धुण्याच्या सोड्याचे गरम पाणी आणि ताठ केसांचा ब्रश यांनी ती पूड निघाली, की दाते अपेक्षेपेक्षा कितीतरी शाबूत सापडतात.

दाते शाबूत असूनही पूड एकसारखी पडत नसेल, तर दोष बहुधा आसाचा असतो. आस ज्या वरच्या व खालच्या आधारांतून फिरतो, तिथली भोके वर्षानुवर्षांच्या घर्षणाने मोठी व लंबगोल होतात. मग दांडा फिरताना शंकू एका बाजूला झुकतो, त्या बाजूची फट अरुंद व समोरची रुंद होते, आणि एकाच दळणात पिठासारखा चुरा व अर्धवट फुटलेले कण एकत्र पडतात. चुऱ्यातून कडवटपणा आधीच उतरतो, जाड कणांतला स्वाद मात्र आतच राहतो, आणि पेय एकाच वेळी कडू व पाणचट लागते. जुन्या गिरणीला नावे ठेवली जातात ती बहुधा या झिजेमुळे. उपाय अवघड नाही. मोठ्या झालेल्या भोकात पितळेचे पातळ नळीसारखे अस्तर, ज्याला कारागीर बुश म्हणतात, बसवून घ्यावे. उभ्या दिशेची सैल हालचाल पातळ वॉशरने भरून काढावी. आणि मूळ आधार शक्यतो बदलू नये. शंकू मध्यभागी आला की नाही हे पाहण्यासाठी कड्याच्या दात्यांना शाईचा पातळ हात देऊन, शंकू किंचित टेकेल इतका वर घेऊन हलकेच एक फेरा द्यावा. शाई सगळीकडे सारखी पुसली गेली तर आस सरळ आहे, एकाच बाजूने पुसली गेली तर आधार पुन्हा तपासावा. नंतर ही शाई पूर्ण धुऊन काढावी. या एका कामावर जितका वेळ जाईल तितका तो सार्थकी लागतो, आणि नेमके हेच काम छायाचित्रात दिसत नसल्यामुळे बहुतेक वेळा वगळले जाते.

लाकडी पेटीचे सांधे जुन्या काळी सरसाने, म्हणजे जनावरांचे कातडे व हाडे उकळून केलेल्या डिंकाने, जोडलेले असत. सरसाचा मोठा गुण असा की तो ऊब व ओलावा मिळताच सुटतो. त्यामुळे खिळखिळी झालेली पेटी न फोडता उकलता येते, आणि पुन्हा सरसानेच जोडल्यास पुढच्या कारागिरालाही ती सोय उरते. आजचे पांढरे कृत्रिम डिंक अधिक मजबूत असतील, पण पुढच्या दुरुस्तीच्या वेळी सांधा सुटण्याऐवजी लाकूडच चिरते. ज्या पेट्यांवर लाखेचे पॉलिश असते, त्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवताच ओळखू येतात, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. युरोपातील सुतारांना ही लाख मुख्यतः भारतातून, कलकत्त्याच्या बंदरातून जात असे, आणि आजही चपडा लाख स्पिरिटमध्ये मुरवून तेच पॉलिश इथल्या कारागिरांना सहज देता येते. ही गिरणी बसून, दोन मांड्यांत घट्ट धरून फिरवायची असल्यामुळे पेटीच्या बाजू व कडा त्या जागी झिजून गोल झालेल्या असतात. रंधा मारून त्या पुन्हा धारदार करणाऱ्या माणसाला वस्तू कळलेली नसते. ती झीज म्हणजे गिरणी कशी आणि किती वापरली गेली याची एकमेव नोंद आहे.

सर्व भाग जोडताना आसाला खाण्यायोग्य दर्जाचे खनिज तेल, म्हणजे औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन, अगदी थोडे द्यावे. शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल काही महिन्यांतच खवट व चिकट होते. पहिली काही मूठभर दळणे शिळ्या बीची करून टाकून द्यावीत, म्हणजे उरलेले तेल आणि बारीक गंज निघून जातो. त्यानंतर फट हळूहळू कमी करत, प्रत्येक वेळची पूड पांढऱ्या कागदावर पसरून पाहावी. दक्षिणी फिल्टरसाठी बारीक रव्यापेक्षा किंचित लहान कण हवेत. तुर्की पद्धतीची पिठासारखी पूड मात्र अशा पेटी-गिरणीकडून सहसा होत नाही आणि तशी अपेक्षा धरून शंकू कड्यावर आवळला तर धातूवर धातू घासून दाते खराब होतात. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात गिरणी कोरड्या ब्रशने साफ करून बंद डब्यात ठेवावी आणि रोजच्या वापरात दाते पाण्याने कधीही धुऊ नयेत.

शेवटचे काम कागदावरचे आहे. कोणते बुश नवे घातले, कोणता स्क्रू कातून घेतला, कोणता डिंक व कोणते पॉलिश वापरले आणि काय जाणूनबुजून तसेच सोडले, हे तारखेसह लिहून तो कागद खणात सुटा ठेवावा, चिकटवू नये. निघालेले मूळ स्क्रू व झिजलेले भाग लहान कापडी पिशवीत घालून त्याच खणाच्या मागच्या बाजूला ठेवावेत. पुढे एखाद्या संग्रहालयाने किंवा अधिक जाणत्या कारागिराने ही गिरणी हाती घेतली, तर माप घ्यायला त्याला तेच लागतील.