पोस्टवरच्या कुत्र्याचे लाड

उत्तर सिक्कीमच्या उंचीवर पोस्ट म्हटली की एखादं कुत्रं आलंच. त्याला कुणी भरती केलेलं नसतं, पण गस्तीला ते आपल्याआधी तयार. त्याचे लाड करायला सगळेच पुढे. माझं म्हणणं त्या लाडांबद्दलच आहे.

लंगरमधली शिजलेली हाडं देऊ नका. शिजलेलं हाड चावताना फुटतं आणि त्याच्या टोकदार कपच्या घशात, आतड्यात रुततात. सुक्या मेव्यातले मनुके तर मुळीच नकोत. थोड्याशा मनुक्यांनीही मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कांदा, लसूण, चॉकलेट हेही कुत्र्याला विषच. बर्फाने रस्ता बंद असताना पशुवैद्य कुठून आणणार?

मग द्यायचं काय? मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं अंडं, कोंबडीचा बिनहाडाचा तुकडा, गाजर. चघळायला इथली छुर्पी आहेच. याकच्या दुधाचं हे वाळवलेलं चीज आता परदेशातही कुत्र्यांसाठी विकलं जातं. मात्र आधी नखाने दाबून बघावं. खूण उमटत नसेल तर दात तुटायची भीती. भिजवून मऊ करावी. शेवटचा छोटा तुकडा काढून घ्यावा, तो घशात अडकतो.

असा खाऊ दिवसभराच्या खाण्याच्या 10 टक्क्यांपुढे नको. घरी कुत्रं पाळणाऱ्या माजी सैनिकांनाही हेच सांगेन. मुकं जनावर आपण देऊ ते विश्वासाने खातं. म्हणून विचार देणाऱ्यानेच करायचा.