भाकरी घालता, तर लसही टोचा

टीव्हीवर भटक्या कुत्र्यांची चर्चा लागली की एका चौकटीत श्वानप्रेमी बसलेले असतात आणि दुसऱ्या चौकटीत एखाद्या मोठ्या सोसायटीचे सेक्रेटरी. एक म्हणतो मुक्या जिवाला जगू द्या, दुसरा म्हणतो सगळी उचलून न्या. ज्याला चावा बसतो तो तिथे कधीच नसतो. पहाटे झाडू घेऊन निघालेला कंत्राटी सफाई कामगार नसतो. अंधारात सार्वजनिक संडासाकडे एकटं जाणारं पोर नसतं. रात्रपाळी संपवून बोळातून घरी येणारी बाई नसते. चौदा वर्षे मी सरकारी दवाखान्याच्या इंजेक्शन रूममध्ये काढली. "सिस्टर, कुत्रं चावलं" म्हणत येणारी माणसं मी रोज पाहिली, आणि त्यातली बहुतेक आपल्यासारख्याच वस्त्यांतली होती. म्हणून या वादात आपलीही एक बाजू आहे, आणि ती त्या दोन्ही चौकटींत बसत नाही.

आधी काय घडले ते थोडक्यात. दिल्लीत सहा वर्षांची एक मुलगी कुत्रा चावून रेबीजने गेली. ती बातमी वाचून जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेतले. ११ ऑगस्टला आदेश झाला की दिल्ली आणि परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, परत सोडू नका. देशभर गदारोळ झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो आदेश बदलला. नसबंदी करा, लस टोचा आणि जिथून उचलले तिथेच सोडा. फक्त रेबीज झालेले किंवा अंगावर धावणारे कुत्रे सोडू नका. वाटेल तिथे खाऊ घालू नका, त्यासाठी वॉर्डात जागा ठरवा. नोव्हेंबरमध्ये पुन्हा एक आदेश आला: शाळा, दवाखाने, बसस्थानके, रेल्वे स्थानके इथली कुत्री हलवा आणि तिथे परत सोडू नका. ऑगस्टच्या आदेशात न्यायालयात आलेल्या श्वानप्रेमींना प्रत्येकी २५ हजार आणि संस्थांना २ लाख रुपये भरायला सांगितले होते. पैसा कुत्र्यांच्या सोयीसाठीच जाणार, हे ठीक. पण न्यायालयात बोलायला कोण जाऊ शकतो, तेही त्यातून दिसले.

आता आकड्यांकडे या. केंद्र सरकारने संसदेत सांगितले की २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून जास्त नोंदी झाल्या आणि रेबीजचे संशयित मृत्यू झाले ५४. दुसरीकडे आयसीएमआरच्या संशोधकांनी १५ राज्यांतल्या ६० जिल्ह्यांत घरोघर जाऊन पाहणी केली. त्यांचा अंदाज असा की देशात दरवर्षी ५,७०० हून जास्त माणसे रेबीजने मरतात. चोपन्न कुठे आणि सत्तावन्नशे कुठे! मधली माणसे गेली कुठे? नर्स म्हणून मला याचे आश्चर्य वाटत नाही. रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की उपचार नाही. पाण्याला घाबरणारा पेशंट मोठ्या दवाखान्यात नेला की नातेवाइकांना सांगतात, "आता काही होणार नाही, घरी न्या." मग तो घरी मरतो, गावी मरतो, आणि त्याचे मरण कुठल्याच रजिस्टरात चढत नाही. ज्याचे मरण मोजले जात नाही, त्याच्यासाठी दवाखान्यात औषधाची मागणी तरी कोण नोंदवणार?

त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट आहे. कुत्रा चावलेल्या दर पाच जणांपैकी एकाने एकही लस घेतली नव्हती, आणि ज्यांनी सुरू केली त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांनी ती पूर्ण केली नव्हती. शिकलेली मंडळी याला 'अज्ञान' म्हणतात. मी त्याला पगार म्हणते. त्वचेत देतात त्या लसीच्या चार फेऱ्या: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. दंडाच्या स्नायूत देतात तिथे पाच. धुणीभांडी करणाऱ्या बाईने पोराला घेऊन चार वेळा रांगेत उभे राहायचे म्हणजे चार खाडे. सातव्या दिवसापर्यंत जखम भरलेली असते, पोर खेळत असते. अठ्ठाविसाव्या दिवशी मालकिणीला काय सांगून सुट्टी मागायची?

काही जण मला म्हणतात, "ताई, या प्राणीमित्रांचे आपल्याला काय सांगता? यांना कुत्र्याचा जीव दिसतो, आपला दिसत नाही." हा राग कुठून येतो ते मला कळते. चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत होती आणि माणसांना मनाई होती. त्यासाठी १९२७ साली बाबासाहेबांना महाडला सत्याग्रह करावा लागला. २०१६ मध्ये गुजरातेतल्या उना इथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या तरुणांना गाडीला बांधून मारले, तेही प्राण्याच्या प्रेमाच्या नावाखाली. असे अनुभव गाठीशी असलेला समाज 'प्राणीप्रेम' हा शब्द ऐकून सावध होणारच.

पण सावध होणे वेगळे आणि कुत्र्याचा द्वेष करणे वेगळे. गोरक्षकाची काठी आणि रस्त्यावरच्या कुत्र्याला बिस्किट घालणारी कॉलेजची मुलगी यांना एकाच मापाने मोजू नका. राजगृहातले १९३४ सालचे बाबासाहेबांच्या कुटुंबाचे छायाचित्र तुमच्यापैकी अनेकांच्या भिंतीवर असेल. रमाई आहेत, यशवंत आहे, आणि त्यात टॉबीही आहे, बाबासाहेबांचा लाडका कुत्रा. प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे संविधानाच्या ५१ (क) कलमात नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. पहिले शील तर आपण रोज म्हणतो. तेव्हा विष घालण्याची भाषा आपल्या तोंडी शोभत नाही, आणि तिचा उपयोगही नाही. मुंबई महापालिका पूर्वी दरवर्षी हजारो कुत्री मारत असे. कुत्री संपली का? जिथे कचरा आहे तिथे मेलेल्या कुत्र्याच्या जागी बाजूच्या गल्लीतले नवे येते, आणि त्याला लस टोचलेली नसते. शिवाय जनावराला विष घालून मारणे हा नव्या न्याय संहितेच्या ३२५ कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. सोसायटीवाला हजार रुपये देऊन वस्तीतल्या पोराच्या हाती विषाची पुडी देतो. पोलीस ठाण्यात कोण बसणार, ते तुम्हाला माहीत आहे.

आता श्वानप्रेमींना दोन शब्द. संध्याकाळी स्कूटरवरून एक ताई येतात, डब्यातला भात आणि कोंबडीचे तुकडे वस्तीच्या तोंडाशी ओततात, कुत्र्यांना नावाने हाका मारतात आणि जातात. त्यांच्या स्वतःच्या गेटसमोर वॉचमन टाकू देत नाही, म्हणून आमच्याकडे. रात्री त्याच जागी दहा-बारा कुत्री जमतात, भांडतात, आणि मधून जाणाऱ्याच्या पोटरीला दात लागतात. २०२३ च्या नियमांत खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर ठरवायला सांगितले आहे. ती ठरवायची रहिवासी संघाने किंवा स्थानिक संस्थेच्या माणसाने. सोसायटीला संघ असतो, लेटरहेड असते. आपल्या गल्लीला दोन्ही नाही, म्हणून आपली गल्ली आयती सापडते. त्या ताईंशी भांडू नका. त्यांना थांबवून विचारा: यातल्या कोणकोणत्या कुत्र्याला लस टोचली? नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच मारलेली असते. इथे किती जणांच्या कानाला आहे? ज्यांची संस्थांशी ओळख आहे, ज्यांचा फोन महापालिकेत उचलला जातो, त्यांनी भाताबरोबर लस टोचणारी गाडीही आणावी.

हे होत नाही असे नाही. शेजारच्या गोव्यात सरकार आणि संस्था मिळून गावोगाव, गल्लोगल्ली कुत्र्यांना लस टोचत फिरले आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकही कुत्रा न मारता.

निवाऱ्यांविषयी मात्र मला शंका आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात दीड कोटींहून जास्त भटकी कुत्री मोजली गेली. ती ठेवायला जागा कुठे शोधतील? मुंबईचे डम्पिंग ग्राउंड देवनारला गेले, आणि त्याच्या धुरात कोण राहते ते पाहून या. निवारा बांधायचा म्हटले की नकाशावर बोट कुठे जाईल, याकडे आत्तापासून लक्ष ठेवा.

आणि घरच्या कुत्र्याचे काय? आपल्याही वस्तीत पोरे पिल्लू आणतात, दाराशी साखळीने बांधतात, "आमचा आहे, काही करत नाही" म्हणतात. पिल्लाचे दात लागले तर कोणी दवाखान्यात जात नाही. पिल्लाचा चावाही चावाच. पाळायचे तर महापालिकेचा परवाना आणि दरवर्षीची लस आलीच. तेवढा खर्च झेपत नसेल तर पोराला समजवा.

चावल्यावर काय करायचे ते पाठच करा. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. नळाला पाणी नसेल तर पिंपातले पाणी तांब्याने ओतत राहा. एवढ्या धुण्यानेच बरेचसे विष निघून जाते. मिरची, चुना, हळद, तंबाखू, तेल काही लावू नका, घट्ट पट्टी बांधू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोटात चौदा इंजेक्शने हा जुना जमाना गेला, आता दंडात देतात. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळालाही लस चालते. रक्त आले असेल तर नुसती लस पुरत नाही, जखमेत सीरमही द्यावे लागते, विशेषतः चेहऱ्यावर, डोक्यावर, हातावर चावा असेल तर घाईने. कुत्रा ओळखीचा असेल तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा, पण त्यासाठी लस थांबवू नका.

आणि या आठवड्यात एक काम करा. विहारातल्या महिला मंडळाच्या दोघी-तिघींनी जवळच्या दवाखान्यात जाऊन दोनच प्रश्न विचारा: लस आहे का, आणि सीरम आहे का? लस बहुधा आहे म्हणतील. सीरम नाही म्हणाले, तर ते कागदावर लिहून, सही-शिक्का घेऊन मागा. त्या कागदाला आपल्या गल्लीतल्या खाच नसलेल्या कुत्र्यांची संख्या जोडा, न उचललेल्या कचऱ्याचा फोटो जोडा, आणि वॉर्ड ऑफिसात आवक नोंदवून एक प्रत स्वतःकडे ठेवा.