आई-बाबांचा फोटो : नायगारा राहू दे, एडिसनच बरं!



उन्हाळ्यात आई-बाबा इकडे आले की आपण त्यांना आधी नायगाऱ्याला नेतो. फोटोत काय येतं? निळा रेनकोट आणि मिचमिचे डोळे! गेल्या वर्षी माझे बाबा गेले. भिंतीवर लावायला एक धड फोटो सापडेना. शेवटी पासपोर्टचाच मोठा करून घेतला.

म्हणून सांगतो, अर्धा तास काढा आणि इथेच फोटो घ्या. जूनअखेरीस सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, म्हणजे ऑफिसातून आल्यावरही मऊ ऊन मिळतं. रूझवेल्ट पार्कात तळ्याकाठी झाडं आहेत. मेन्लो पार्कला १९३८ चा एडिसन टॉवर आहे, माथ्यावर भला मोठा दिवा. १८७९ साली एडिसनने आपला बल्ब इथेच पेटवला, हे ऐकताना वडिलांचा चेहरा खुलेल, तेवढ्यात क्लिक करा. आणि ओक ट्री रोडवर भेंडी निवडणारी आई? ती तर थेट मंडईतलीच वाटते!

कॅमेरा कुठलाही चालेल, फोनसुद्धा. फक्त "हसा" म्हणू नका, गप्पा मारा.

असो. नायगारा कुठे पळून जात नाही. माणसं जातात. या वीकेंडलाच जमवा.

चू. भू. द्या. घ्या.