मावळचा वारसा कोणाचा?

२०२५ साली ‘मराठा लष्करी भूप्रदेशा’च्या बारा किल्ल्यांत लोहगड जागतिक वारसा यादीत गेला. मावळास आनंद झाला, तो रास्तच. परंतु गड म्हणजेच इतिहास, हा समज तपासावयास हवा. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या सामी नामक सुताराचे नाव कोरलेले आहे. दाराचे काम त्याचे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी श्रमिकाला शिळेवर जागा मिळाली! आणि आज? पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्यास विरोध करणारे तीन शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी, म्हणजे क्रांतिदिनीच, बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. आंबी-तळेगावच्या शाळांच्या सहली लोहगडावर जरूर जाव्यात; परतताना बऊरलाही थांबाव्यात.