फ्लॅप खाली नको, वर घ्या

ऊस तुटला की वरकुट्याकडं जी मोकळी रानं मिळतात ती विमान उडवायला बरी, उतरवायला वाईट. एका बाजूला उभा ऊस, दुसऱ्या बाजूला विजेच्या तारा, मध्ये एखादा एकर. रिमोटवरचं सनबोर्डाचं विमान एवढ्या जागेत उतरवायचं तर ते सावकाश आणि जास्त उतारानं खाली आलं पाहिजे. म्हणून पोरं फ्लॅपच्या मागे लागतात. वेगळे फ्लॅप कापायचे तर आणखी दोन सर्व्हो घ्यावे लागतात. ते परवडत नाही, मग एलेरॉनकडूनच दोन्ही कामं करून घ्यायची. यालाच फ्लॅपेरॉन म्हणतात. हरवलेल्या एमएच ३७० विमानाचा जो तुकडा जुलै २०१५ मध्ये रियुनियन बेटावर सापडला, तो फ्लॅपेरॉनच होता. तेव्हा हा शब्द जगभरच्या बातम्यांत गेला.

रिमोटमध्ये हे कसं भरायचं याचे आकडे व्हॉट्सअॅपवर तयार फिरतात. माझ्या भाच्याकडंही आले. रिमोट त्याच्या चाचानं दुबईहून आणलेला, विमान त्यानं वर्षभर गॅरेजात हाताखाली काम करून साठवलेल्या पैशातलं. "मामू, आकडे टाकले की झालं," असं तो म्हणतो. मला हे मान्य नाही. आकडे चुकीचे असतात असं नाही, पण ते ज्या विमानाचे असतात ते विमान आपलं नसतं.

हिशोब सातवीच्या बेरीज-वजाबाकीचा आहे. दोन एलेरॉनना दोन सर्व्हो, दोन वेगळ्या चॅनलवर. सर्व्हो आरशातल्यासारखे समोरासमोर बसवलेले असतात, म्हणून दोघांना एकच हुकूम दिला की एक पट्टी खाली जाते, दुसरी वर, विमान कलतं. दोघांना उलट हुकूम दिला की दोन्ही पट्ट्या खाली येतात, तो फ्लॅप. मिक्स म्हणजे या दोन हुकुमांची बेरीज. स्टिक उजवीकडं ४० टक्के आणि फ्लॅप ३० टक्के असेल तर डावा सर्व्हो ७० वर जातो, उजवा १० वर. आता स्टिक पूर्ण १०० दाबा. डाव्याला १३० हवेत, पण सर्व्होची हद्द १०० धरली तर तो तिथंच अडतो. म्हणून एलेरॉन ७० वर आणि फ्लॅप ३० वर ठेवायचा, बेरीज हद्दीत बसते. हे वहीत मांडलं की कुणाच्या आकड्यांची गरज उरत नाही.

पण खरी गोम वहीत दिसत नाही. वरच्या उदाहरणात डावी पट्टी ७० खाली, उजवी फक्त १० वर. खाली गेलेली पट्टी हवेला जास्त ओढते, त्यामुळं उजवीकडं वळायचं असताना नाक डावीकडं जाऊ पाहतं. राइट बंधूंनाही या उलट्या ओढीनं छळलं होतं. १९०२ च्या ग्लायडरवर त्यांनी पंख पिळणाऱ्या तारांनाच रडर जोडला. मिक्सच होता तो, फक्त तारांचा. आपल्या विमानात याहून वाईट होऊ शकतं. उतरताना वेग कमी असतो, पंखाच्या टोकावर पट्टी खूप खाली गेलेली असते, आणि तेवढंच टोक आधी स्टॉल होतं. जो पंख उचलायला तुम्ही स्टिक दाबली तोच पंख खाली पडतो. माणसाच्या उंचीवर हे झालं तर सावरायला वेळ नाही. बारामतीला शिकाऊ वैमानिकांची विमानं उतरताना पाहा: फ्लॅप आत, धडाजवळ, एलेरॉन बाहेर, टोकाला. ती रचना उगाच नाही.

म्हणून माझा आग्रह असा की लहान, हलक्या विमानाला दोन्ही एलेरॉन खाली नकोत, थोडे वर घ्या. मिक्स तोच, चिन्ह उलटं. वर घेतल्यानं उचल कमी होते, विमान वेग न वाढवता खाली बसत येतं आणि टोक सहसा आधी पडत नाही. उतरण्याचा वेग थोडा जास्त ठेवावा लागतो, ही किंमत आहे. पण शेतात थोडं पुढं घसरलेलं विमान दुरुस्त होतं. ज्याला खरेच फ्लॅप हवेत त्यानं दोन सर्व्होंसाठी अजून थांबावं.

आपल्या सभांत अब्बास इब्न फिर्नासचं नाव अभिमानानं घेतात. नवव्या शतकातल्या कोर्दोबात त्यानं पंख लावून उडी घेतली आणि उतरताना त्याला इजा झाली, असं मक्करीनं सातशे वर्षांनी लिहिलं. त्याच मजकुरात कारणही आहे: पक्षी शेपटीच्या आधारानं उतरतो हे त्यानं लक्षात घेतलं नव्हतं, शेपटी लावलीच नव्हती. भाषणात उडी येते, शेपटी गाळतात. मला शेपटीचाच भाग जास्त मोलाचा वाटतो.

कारण शेपटीचा प्रश्न इथंही शिल्लक राहतो. पट्ट्या हलल्या की नाक वर किंवा खाली जातं. कुठं आणि किती, हे प्रत्येक विमानाचं वेगळं. आधी पंखा काढून जमिनीवर दिशा तपासा. मग नकाशात आपलं रान विमानतळाच्या बंदीत येत नाही ना ते बघा, ड्रोन नियम २०२१ मध्ये ही मॉडेलंही येतात. भरपूर उंचीवर स्विच दाबा, नाकाकडं बघा, खाली उतरून एलिव्हेटरचा मिक्स दोन-तीन टक्क्यांनी बदला, पुन्हा वर जा. भाच्याच्या विमानाला अशा चार खेपा लागतील असं मी धरून चाललोय. बॅटऱ्या तीनच आहेत.